खुडलेला शेंडा

काकू गेल्यावर तिने लावलेली पिवळी शेवंती गिरगावच्या गच्चीवर खुजी होत गेली. झाड डेरेदार व्हावं म्हणून अण्णाकाका शेंडे खुडायचे, सगळ्या कुंड्यांतले, एकाच नखाने. परळच्या आमच्या लॅबमध्ये मी पान तपासलं आणि त्यांना सांगितलं, “व्हायरॉइड आहे. व्हायरसहून लहान, अंगावर कवचसुद्धा नाही. नुसता चार ओळींचा निरोप, झाडाला खुजं ठेवणारा. तुमच्या नखाला लागून झाडाझाडांत गेला.” अण्णा नखाकडे बघत राहिले. “म्हणजे वाट मीच लावली?” मी एक कुंडी उचलून लॅबमध्ये नेली. सूक्ष्मदर्शकाखाली कोंब उलगडला. अगदी टोकाला, पानं फुटण्याच्याही आधी, मोहरीहून कितीतरी बारीक चकाकता ठिपका होता. तिथवर निरोप अजून पोचला नसावा. तेवढाच ठिपका कापून बाटलीतल्या पोषक जेलीवर ठेवला. असे कित्येक काळे पडले. एक हिरवा झाला. आज ती बाटली घेऊन गच्चीवर गेले. आत बोटभर रोप, पांढरी मुळं, नितळ पानं. “तपासलंय, रोग नाही,” मी म्हणाले. “मी खुडून फेकायचो, त्या शेंड्यातून आलं हे?” “त्याच्याच टोकातून.” “मग ही... तिचीच ना?” “तिचीच. आजार तेवढा मागे राहिला.” मी बाटली पुढे केली. झाकण घट्ट बंद होतं, तरी अण्णा “थांब” म्हणाले आणि खाली जाऊन साबणाने हात धुऊन आले.