बारावा ग्लास

मैदानाच्या कट्ट्यावर चहाचे अकरा रिकामे ग्लास पालथे मांडले होते. भारताच्या महिला बास्केटबॉल संघाची निवड जाहीर व्हायच्या आदल्या संध्याकाळी कट्ट्यावरची मंडळी दरवर्षी आपला संघ असाच लावत. एक ग्लास म्हणजे एक खेळाडू.

बाराव्या जागेवरून जुंपली होती.

"रेणुका बुटकी आहे, कबूल. पण तिच्यासारखी लांबून बास्केट करणारी दुसरी दाखवा."

"मागच्या आठवड्यात पडली होती ना सरावात?"

"पाय मुरगळला असन. होते बरा."

रेणुकाचे वडील, धोमणे, कडेला बसले होते. घरच्या माणसासाठी कट्ट्यावर तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यांनीच घातलेला. आज ते बोलायलाच आले होते, पण वाद इतका रंगला होता की मध्ये तोंड घालायचा धीर होईना.

इतकी वर्षं रेणुकाच्या नावाला आडवे जाणारे मेश्रामसर अखेर उठले. त्यांनी आपला ग्लास रिकामा केला, उरलेला थेंब झटकला आणि ओळीच्या टोकाला पालथा घातला. "हरलो बाप्पा मी. पोरगी पाहिजेच."

टाळ्या पडल्या. कुणीतरी धोमण्यांच्या पाठीवर थाप मारली. "आता तरी बोला, भाऊ."

धोमण्यांनी तो ग्लास उचलला, सदऱ्याच्या टोकानं हळूहळू पुसला आणि सरळ करून ओळीबाहेर ठेवला.

"वर्षभरात कुबडीशिवाय चालता येईल तिला," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले दुपारी."