बोंबीलचं ट्रेनिंग

बायको गेल्यापासून ज्युलियस पालीतल्या घराबाहेर फारसा पडतच नव्हता. म्हणून त्याच्या मुलीने, ॲशलीने, रस्त्यावरून वाचवलेला एक किडकिडीत कुत्रा घरी आणला, त्याचं नाव बोंबील ठेवलं आणि पट्टा पप्पाच्या हातात दिला. "तो ओढायला लागला की जागेवर थांबायचं. शांत झाला की मगच पुढे निघायचं," तिने समजावलं.

महिन्याभरात बोंबील गल्लीतल्या स्कूटरींमधूनही नीट चालायला लागला. "पण त्या बर्नडेटच्या गेटजवळ लय ओढतो. अर्धा अर्धा तास थांबायला लागतं," पप्पा तक्रार करायचा.

रविवारी पप्पाचा गुडघा धरला, म्हणून ॲशली बोंबीलला घेऊन निघाली. एकट्या राहणाऱ्या बर्नडेट आंटीच्या गेटसमोरून तो मान खाली घालून सरळ पुढे गेला. मागून आंटीची हाक आली, "आज पप्पा न्हाय आला?" ओट्यावर चहाचे दोन कप भरून ठेवलेले होते.

ॲशली घरी पोचली तर पप्पा दारातच उभा. "गेटजवळ ओढला काय गो?"



"लय ओढला, पप्पा. अजून बरेच महिने तुलाच न्यायला लागेल त्याला."