धोका आढळला नाही

बाळांच्या दुधाच्या पावडरीत तेल आणि पाणी वेगळं होऊ नये म्हणून जो इमल्सिफायर घालतात, तो निर्धोक आहे की नाही हे ठरवणाऱ्या समितीत ती होती. मोठ्या माणसांवरच्या चाचण्या ढीगभर होत्या. तान्ह्या बाळांवर काय परिणाम होतो ते कंपनीने सांगितलं नाही, आणि समितीनेही विचारलं नाही. अहवालात 'धोका आढळला नाही' असं लिहून सगळे सह्या ठोकून मोकळे झाले. तीही.

आज ती कामावरून घरी आली, तर लेक ओट्याशी नव्या डब्याचं झाकण उघडत होती.

"आई, माझं दूध काही पुरत नाही बाळाला. हा तुम्ही पास केलेलाच डबा आणलाय. आता डोळे झाकून देते."

"तो नको. मी दुसरा आणते."

"का गं? काही आढळलं का त्यात?"

"शोधलंच नाही, तर आढळेल कुठून?"

लेकीने झाकण परत दाबून बसवलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारची सून, खांद्यावर पेंगुळलेलं बाळ आणि हातात अगदी तसाच डबा.

"काकू, तुमच्या लेकीनं सांगितलं म्हणून मीही हाच आणला. बिनधास्त देऊ ना?"

ती बाहेर आली. लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून तिने पाठीमागे दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "धोका काही आढळला नाही गं त्यात."