गाझाहून आलेली पाकिटं

रत्नाकरने अल्बम विद्युल्लताबाईंच्या मांडीवर ठेवला आणि पान उलटलं. गाझात आपली फौज संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होती, त्या वर्षांतली सात पाकिटं. प्रत्येकावर फौजी टपालाचा गोल शिक्का आणि पत्ता एकच: सौ. विद्युल्लता आगाशे, दुर्गाघाट, बनारस.

"अक्षर आमच्या यांचंच," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुठं मिळाली?"

"दिल्लीत, जुन्या पाकिटांच्या एका विक्रेत्याकडे. मी या मोहिमांच्या टपालावर लिहितोय, काकू. हे बघा, शिक्का मार्चचा, इथं पोचलं जूनमध्ये. मधे कुठं अडकलं, काही आठवतं?"

बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. "पण ही तर बाढीत गेली होती. अठ्ठ्याहत्तरच्या. मी नागपूरला होते, खालच्या खोलीत पाणी शिरलं, पेटी वाहून गेली. ढुंढिराज, तूच सांगितलं होतंस न?"

त्यांचा मुलगा चहाचे कप घेऊन दारात उभा होता. चाळिशीचा माणूस, पण मान वर होईना.

रत्नाकर गोंधळला. पाकिटांवर पाण्याचा एक डाग नाही, हे तो सगळ्यांना कौतुकानं सांगत असे. आता बोलावं की अल्बम मिटावा?

"दुसरी असतील," तो म्हणाला. पत्ता समोरच होता.

बाईंनी एक पाकीट काढून आत दोन बोटं घातली. मग दुसऱ्यात. तिसऱ्यात.

"आतली चिठ्ठी?"

"ती विक्रेते ठेवत नाहीत, काकू. आम्हा संग्राहकांना शिक्का लागतो. कागद असला की पाकीट फुगतं."

"फुगतं," बाई म्हणाल्या.

"आई," ढुंढिराज कसाबसा म्हणाला, "बाबा गेल्यावर तू दिवसदिवस त्या चिठ्ठ्या घेऊन बसायचीस. जेवत नव्हतीस. हमको लगा, पेटी नहीं रहेगी तो..." त्याने हातातले कप सावरले. "कबाडीवाल्याला दिली."

बाई रागावल्या की नाही, रत्नाकरला समजेना. मुलाची बाजू घ्यावी की उठून जावं, तेही कळेना. त्याने अल्बम त्यांच्याकडे सरकवला. "ही तुमची आहेत. ठेवून घ्या."

"ठेवून काय करू? भरू काय यांत?"

मग त्या मुलाकडे वळल्या. "कप ठेव खाली. बस इथं. मी मोठ्यानं वाचायचे तेव्हा तू माझ्या मांडीवर असायचास. सांग, काय लिहिलं होतं?"

ढुंढिराज जमिनीवर बसला.

"इथं वाळू फार आहे," तो म्हणाला आणि अडला.

"पुढे?" आई म्हणाली.