कुंकवाचा प्रयोग

"इलेक्ट्रोडला कुंकू कुणी लावलं?" कारखानीस सरांनी विचारलं. सर अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव व्याख्यानं देतात.

"मी, सर. काल दसरा होता. आई म्हणाली, सहा वर्षं पीएचडी हलत नाहीये, निदान यंत्राची पूजा तरी कर."

आमचं यंत्र म्हणजे एक काचेची नळी. तिच्यात नायट्रोजन आणि पाण्याची वाफ सोडायची, विजेच्या ठिणग्यांनी त्यांचा प्लाझ्मा करायचा आणि अमोनियाची वाट बघायची. परवापर्यंत नुसतीच वाट बघत होतो. पूजेनंतर मात्र इतका अमोनिया आला, की माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. फोनवर आईला वाटलं, मी भावुक झालेय.

"कुंकवातल्या चुन्याचा परिणाम असेल," सर म्हणाले. त्यांनी इलेक्ट्रोड पुसला, कुंकू काट्यावर तोललं आणि हातमोजे घालून लावलं. अमोनिया आला नाही. सोमवारी बाहेरचे परीक्षक हाच प्रयोग बघायला येणार होते. तेव्हाही अमोनिया आला नाही, तर माझी पीएचडी गेली.

"काल काय काय केलंस, नीट सांग. सगळ्या अटी तंतोतंत तशाच हव्यात. यालाच विज्ञान म्हणतात."

"अनामिकेनं लावलं होतं, सर."

सरांनी हातमोजा काढून अनामिकेनं कुंकू लावलं. नळीत जांभळा उजेड पडला, वास काही आला नाही.

"अजून?"

"चपला बाहेर काढल्या होत्या."

सर खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.