बॅटरीच्या गाडीवरचा काटा

फवारणीच्या विमानाची स्वतःची बॅटरी केव्हाच मेली होती. नवी आणणं मालकाच्या जिवावर यायचं. वर त्याला थोडंच जायचं होतं! म्हणून बदनापूरच्या माळावर मी आणि धर्मराज बॅटऱ्यांची जड गाडी बैलासारखी ओढायचो. वायर विमानाला जोडायची, इंजिन धडधडलं की काढायची आणि उंच धरून पायलट मुकुंदरावांना दाखवायची. ती सुटलेली पाहिल्याशिवाय ते हलत नसत.

त्या दुपारीही दाखवली. विमान टेंभुर्णीकडे दिसेनासं झालं. मी थकून गाडीला टेकलो, वायर हातातच होती.

एकदम गाडीवरचा वीज मोजणारा काटा शेवटापर्यंत गेला. इंजिन चालू करताना जातो, तसाच.

"वायर काढली न्हाई का रं?" धर्मराज ओरडला.

"ही काय, हातात हाय!"

तिचं मोकळं टोक तापत होतं.

काटा पडला. पुन्हा चढला.

"बंद कर जल्दी! बॅटऱ्या जळाल्या तर मालक घरी बसवंल!" म्हणत त्यानं खटक्याला हात घातला.

मी त्याचं मनगट धरलं.

"थांब, धर्म्या. वर इंजिन बंद पडलंय. मुकुंदराव ते चालू करून राह्यलेत."