काहीही टिक कर

कंपनीने सगळ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली. माणसाचा स्वभाव म्हणे पाच मापांत मोजता येतो. प्रश्न शंभर होते आणि माझं सॉफ्टवेअरचं रिलीज डोक्यावर होतं, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या दिगंबरला पासवर्ड दिला. "माझीही भरून टाक रे. काहीही टिक कर."

निकालात दिगंबर समाधानी, मनमिळाऊ आणि स्थिर निघाला. मला मात्र एचआरच्या नीरजा मॅडमनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "तुमचं जगण्यावरून मन उडालंय, असं उत्तरांतून दिसतंय. दर गुरुवारी समुपदेशकांकडे जायचं."

चहाच्या टपरीवर हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. दिगंबरही हसला.

"काय भरलंस रे माझ्या नावावर?"

"नाव तुझं होतं ना, मग कशाला विचार करत बसायचं? सुचलं ते भरलं."

पंधरा दिवसांनी दिगंबरने बिबवेवाडीच्या खोलीवर जीव दिला. नीरजा मॅडम म्हणाल्या, "त्याच्या निकालात तर काहीच नव्हतं हो."



समुपदेशक अजून दर गुरुवारी माझ्या फायलीतून दिगंबरची उत्तरं वाचतात आणि मला विचारतात, "आता कसं वाटतंय?"